माहीत नाहीचा रकाना

कळस, सोमवार, ५ फेब्रुवारी १९५१

इंदापूरच्या कचेरीत दोन दिवस शिरगणतीचं शिक्षण झालं. कळस गावातली एकशे दहा घरं माझ्या वाट्याला आली आहेत. माणसागणिक एक चिठ्ठी भरायची. आमच्यावर देखरेख करायला सर्कल इन्स्पेक्टर आप्पासाहेब आहेत. ते टेबलावर बोट आपटून म्हणाले, "विचारायचं, ऐकायचं, लिहायचं. मास्तरलोकांना आपलं डोकं चालवायची खोड असते. ती या महिन्यापुरती घरी ठेवा."

चिठ्ठ्या ९ तारखेपासून भरायच्या, पण त्या खऱ्या ठरायच्या एका ठरावीक क्षणी. एक मार्चचा सूर्योदय हा तो क्षण. त्या वेळी देशात कोण आहे आणि कोण नाही, ते सरकारला हवं आहे. मला पुण्याच्या कॉलेजातलं ते एकुलतं एक वर्ष आठवलं. तर्कशास्त्राच्या प्राध्यापकांनी पहिल्याच तासाला विचारलं होतं, "उद्या सूर्य उगवेल हे तुम्ही कशावरून म्हणता?" आम्ही हसलो. ते हसले नाहीत. तेव्हापासून माझ्यात काहीतरी सैल झालं ते झालंच. पुढं वडील वारले, कॉलेज सुटलं, मी प्राथमिक शिक्षक झालो. सुप्याच्या कोरडवाहू रानातून निघून या गावात आलो, त्याला चार वर्षं झाली. मुलांना पाढे शिकवतो. बे दुणे चारबद्दल अजून तरी शंका आलेली नाही.

डोकं घरी ठेवायचं म्हणजे ते कुठंतरी ठेवलं पाहिजे. म्हणून ही वही.

शनिवार, १० फेब्रुवारी

पहिल्या दोन दिवसांत एकवीस घरं झाली. नाव, धर्म, भाषा सगळे सांगतात. वय विचारलं की माणसं आभाळाकडं बघतात.

छबूबाई म्हणून एक म्हातारी आहेत. म्हणाल्या, "मोठ्या पटकीच्या साली मी रांगत हुते."

"ती कितवी साल, आजी?"

"मला काय ठावं? मी रांगत हुते की."

मी अंदाजानं बहात्तर लिहिलं. घरी येताना वाटलं, हा बहात्तरचा आकडा आता दिल्लीपर्यंत जाईल, तिथं कुणीतरी तो बेरजेत धरील, आणि छबूबाईंचं खरं वय मात्र त्या पटकीच्या धुळीत कुठंतरी रांगत राहील. शाळू पिवळा पडला आहे. दुपारी वाऱ्यानं सगळं शिवार एका बाजूला कलतं आणि क्षणभर गावच कलल्यासारखं वाटतं.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

आज गावाबाहेरच्या मळ्यात गेलो. विहीर, दोन एकर वांगी आणि कांदा, बांधाला पेरूची झाडं. घरात तीन माणसं. म्हातारे गेणबा, त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, तरी मोट तेच हाकतात. बैलांना वाट पाठ आहे, ते म्हणतात, मला काय बघायचंय? त्यांच्या पत्नी कुशाबाई. आणि सून सारजा.

सारजाच्या चिठ्ठीवर आलो. लग्न झालेल्या-न झालेल्याचा प्रश्न. उत्तराला चारच शब्द चालतात: अविवाहित, विवाहित, विधवा, घटस्फोटित.

गेणबा म्हणाले, "लिवा, लगीन झाल्याली. माजा ल्योक जिता हाय."

कुशाबाई आतून पाणी घेऊन आल्या होत्या. तांब्या माझ्यापुढं ठेवताना अगदी हळू म्हणाल्या, "न्हाय ऱ्हायला त्यो. ह्यास्नी सांगू नगा."

मुलाचं नाव संभाजी. लढाईच्या वर्षांत, त्रेचाळीस साली, गुत्तेदाराबरोबर आसामात रस्त्याच्या कामाला गेला. फौजेत नव्हता, त्यामुळं कुठल्या दप्तरात नाव नाही. परत आला नाही. मेल्याचं कुणी कळवलं नाही. आठ वर्षं झाली.

मी सारजाकडं पाहिलं. ती उंबऱ्याशी बसून वांगी निवडत होती, किडकी एका बाजूला, चांगली दुसऱ्या. वय सत्तावीस सांगितलं. कपाळाला कुंकू होतं.

"तुम्ही सांगा," मी म्हटलं. "तुमची चिठ्ठी आहे."

"मला ठावं न्हाय," ती म्हणाली.

"पण काहीतरी लिहायला हवं."

"मग ठावं न्हाय आसं लिवा की."

तसं लिहिता येत नाही. चिठ्ठी तेवढी जागा मोकळी ठेवून घेऊन आलो.

बुधवार, १४ फेब्रुवारी

आप्पासाहेब आले होते. मोकळी जागा पाहून म्हणाले, "सात वर्षं खबर नाही ना? मग कायद्यानं मेला. विधवा लिहा, मोकळे व्हा."

सात वर्षं. म्हणजे एके दिवशी सकाळी माणूस कायद्यानं मरतो. आदल्या संध्याकाळी तो असतो. लिहिलं नाही. ठसठशीत शाईनं लिहायचं असतं, आणि माझी दौत नेमकी आटली होती.

शनिवार, १७ फेब्रुवारी

गेणबांचं वय नीट लिहिलं की नाही अशी शंका आली म्हणून सकाळी मळ्यात जाऊन आलो. नीटच होतं.

संभाजीची कधी काही खबर आली होती का असं विचारल्यावर सारजानं एका कार्डाची हकीकत सांगितली. गेल्यानंतर सात महिन्यांनी एक कार्ड आलं. 'खुशाल आहे, काळजी नसावी, बैलांना जपा.' शाळेच्या त्या वेळच्या मास्तरांनी वाचून दाखवलं.

"अक्षर त्यांचं होतं?"

"त्येंना कुठं लिवाया येत हुतं? कुनाकडनं लिवून घेतलं आसंल." थोड्या वेळानं म्हणाली, "बैलांना जपा म्हनून कुनीबी लिवील. घरात बैल नसत्यात का कुनाच्या?"

मी पुण्यात वर्षभर शिकलो त्यात एवढं नेमकं कुणी बोललं नव्हतं.

कुशाबाईंनी पेरू दिले. त्यांनी सहज विचारलं, "मास्तर, तुमी आपल्यातलंच की?" मी हो म्हटलं. "आन् अजून लगीन न्हाय?" मी नाही म्हटलं. सारजा मोटेकडं निघून गेली. पेरू फार गोड होता. दुपारची बाराएकची वेळ, मोटेच्या चाकाचा आवाज दूर जात होता आणि परत येत होता, आणि मला वाटलं की मी इथं फार वर्षांपासून बसलो आहे.

सोमवार, १९ फेब्रुवारी

सुप्याहून आईचं कार्ड. बावड्याला एक मुलगी आहे, घराणं चांगलं, रविवारी जाऊन पाहून ये. मुलगी सातवी शिकलेली आहे. आईचं बरोबर आहे. अठ्ठावीस म्हणजे काही कमी नाही.

गुरुवार, २२ फेब्रुवारी

आज मळ्यात कांद्याचं क्षेत्र किती ते विचारायला गेलो. (चिठ्ठीत तो प्रश्न नाही. पण माहिती असलेली बरी.)

बावड्याला जाणार असं बोललो, तर कुशाबाई एकदम म्हणाल्या, "बावड्यात झुंबर म्हनून एकजन हाय म्हनं. त्योबी आसामात हुता, परत आलाय. तुमी शिकल्यालं मानूस, त्येला इचारून या. खरं काय ते एकदा कळू द्या." गेणबांच्या हातात चिलीम तशीच राहिली.

मला वाटलं सारजा उत्सुक होईल. ती उठून वाफ्यांकडं गेली. एवढ्या वर्षांनी आशा धरायची भीती वाटत असेल.

रविवार, २५ फेब्रुवारी

पहाटे भाड्याच्या सायकलीवर निघालो. इंदापूर सोडेपर्यंत गारवा होता, पुढं ऊन वर आलं. बावड्याच्या रस्त्यावर लांब पाणी चमकत होतं. जवळ गेलो की ते पुढं सरकायचं. ते पाणी नाही हे मला माहीत आहे, तरी डोळ्यांना ते दिसायचं थांबत नाही. माहीत असल्यानं दिसण्यात काही फरक पडत नाही, ही फार विचित्र गोष्ट आहे. एक म्हैस त्या पाण्यात पोटापर्यंत उभी होती.

झुंबर सापडले. चाळिशीचा, खोकणारा माणूस. ओट्यावर घोंगडी टाकून दिली. संभाजीचं नाव काढताच त्यांनी माझ्याकडं जरा निरखून पाहिलं.

"तुमी कोन त्येंचं?"

"शिरगणतीचा मास्तर."

ते हसले, मग सांगू लागले. "तापाची साथ आली हुती. रोज मानसं उचलायची. एक दिस चारजन एकाला घिऊन चालली हुती. कांबळ्याखाली, पाय तेवढं भाईर. उजव्या पायाचा आंगठा चेंबल्याला. संभाजीचा आंगठा पहारीनं चेंबला हुता. म्या मनात म्हनलं, गेला."

"म्हणजे गेलाच."

"थांबा की. सा म्हैन्यांनी म्या परत यायला निघालो. गाडीत बसलो. फलाटावर एक मानूस पाठमोरा हुबा. तीच मान, त्येच खांदं. म्या हाळी दिली, संभाऽ! त्येनं वळून बघितलं. मास्तर, बघितलं माज्याकडं. आन् गाडी सुटली."

"तोच होता?"

"धुकं हुतं. तितं कायम धुकं. आता म्हनाल तर आंगठा काय, कुनाचाबी चेंबतो. आन् हाळी दिली की कुनीबी वळून बघतंय. म्या दोन्ही बघितलंय. खरं कंचं ते मला इचारू नगा. म्या मला लई इचारलंय."

परतताना पुन्हा ते पाणी, ऊन पाठीमागं. अर्ध्या वाटेवर आठवलं की मुलगी पाहायची राहिलीच. पाय दुखत होते, मागं फिरणं शक्य नव्हतं.

सोमवार, २६ फेब्रुवारी

मुलांना दिवसभर शुद्धलेखन घातलं आणि विचार करत बसलो. दोन साक्षी, साक्षीदार एकच. पहिलीत एक खूण आहे, अंगठा. दुसरीत नुसतं वळून पाहणं. तर्कानं पाहिलं तर पहिलीचं पारडं जड. सात वर्षांचा कायदाही तिकडंच. मग दुसरी गोष्ट सांगून त्या बाईला उगाच आणखी आठ वर्षं टांगून ठेवण्यात काय अर्थ आहे? धुक्यातल्या माणसासाठी जित्या माणसानं किती बसावं? हे दयेचं होईल. मी नीट विचार केला आहे.

मंगळवार, २७ फेब्रुवारी

शाळा सुटल्यावर, अजून परत न केलेल्या भाड्याच्या सायकलीवर गेलो. म्हातारी दोघं मोटेवर होती. सारजा वांगी तोडत होती. मी बांधावर उभा राहून सांगितलं. तापाच्या साथीत गेला. झुंबरनी डोळ्यांनी पाहिलं. अंगठ्यावरून ओळखलं.

तिचा हात थांबला नाही. आणखी तीन-चार वांगी पाटीत पडली.

"आन् फलाटावरचं?" ती म्हणाली.

मी सायकलचं हँडल उगाच सरळ केलं.

"गेल्या वर्सी म्हायारला जाते म्हनून बावड्याला जाऊन आले. झुंबरदाजींनी मला दोनी सांगितलं. तुमी एकच घिऊन आला."

"घरात का नाही सांगितलं?" मी कसंबसं विचारलं.

"सांगून काय करू? सासूबाईंनी एक धरलं आसतं, मामंजींनी दुसरं. एका घराची दोन घरं झाली आसती. मी दोनी धरून बसले." मग तिनं पहिल्यांदा वर पाहिलं. "म्हाताऱ्यांचं समजतं, मास्तर. तुमी शिकल्यालं. तुमाला का एकच धरावं वाटलं?"

मी सायकल वळवली. सायकल चालवता येत असूनही गावापर्यंत ती हातानं ढकलत आणली. उन्हाचा थकवा असावा. रविवारी फार दामटलं.

बुधवार, २८ फेब्रुवारी

थकवा नव्हे. दिवसभर हे वाक्य लिहायचं टाळलं, आता लिहितो.

तो मेलेला असावा असं मला हवं होतं.

मी बावड्याला गेलो ते तेच ऐकायला. घोंगडीवर बसलो तेव्हाच माझे कान एका बाजूचे झाले होते. पारडं मी तोललं नाही, त्यावर हात ठेवला. आणि हे मला कळलं नाही, तिला कळलं. वांगी तोडता तोडता कळलं. पुण्याच्या त्या प्राध्यापकांना भेटावं आणि सांगावं, सर, सूर्याचं राहू द्या, माणसाला स्वतःच्या पोटातलं ठाऊक नसतं, तिथून सुरुवात करा.

गुरुवार, १ मार्च

सकाळी उठून गावाबाहेर जाऊन उभा राहिलो. धुरकट होतं. शाळवाच्या कणसांवर आधी थोडी तांबूस पूड पडल्यासारखं झालं, मग सूर्य आला. कुठल्या क्षणी आला ते सांगता येणार नाही. आहे असं दिसलं तेव्हा तो आधीच होता. त्या वेळी आसामात तो केव्हाच वर आला असेल. तिथं एक माणूस कदाचित पाठमोरा उभा असेल, कदाचित नसेल. आमची सगळी मोजणी या धुरकट उजेडात खरी ठरली.

फेरतपासणीला आजपासून फिरायचं आहे. मळ्यात आधी जायचं धैर्य नव्हतं, म्हणून आधी तिथंच गेलो.

"नवीन जन्म? मृत्यू?" मी विचारलं.

"न्हाय," गेणबा म्हणाले.

सारजा समोर येऊन बसली. मी दौत उघडून वाट पाहिली. काही सुचवलं नाही.

"लिवा, लगीन झाल्याली."

"तसं कळलंय का?"

"कळलं काय न्हाय. लगीन झालं हुतं, तेवढं खरं. फुडचं तुमचा कागद इचारत न्हाय."

लिहिलं. माझ्या एकशे दहा घरांतलं हे एवढंच उत्तर मी छातीवर हात ठेवून खरं म्हणेन.

निघताना तिला म्हटलं, "परवा मी खोटं बोललो." ती "व्हय" एवढंच म्हणाली.

सोमवार, ५ मार्च

चिठ्ठ्यांचा गठ्ठा आप्पासाहेबांकडं दिला. त्यांनी ती चिठ्ठी पाहिली, माझ्याकडं पाहिलं, आणि दोरी बांधली. आईला लिहिलं की बावड्याचं जमणार नाही. कारण लिहिलं नाही.

आता मळ्यात जायला निमित्त उरलेलं नाही.

रविवार, १८ मार्च

आज विलक्षण गोष्ट घडली. दुपारी खोलीत पडलो होतो, डोळा लागत होता, दारात काठीचा आवाज झाला. गेणबा. एकटे, बांधाबांधानं चाचपत आले होते. मी हात धरून आत घेतलं, पाणी दिलं.

"मास्तर, मी म्हातारा झालो. कुशा थकली. सारजाचं काय तरी बघाया पायजे. तिचा पाट लावून द्यावा म्हनतो."

आमच्या लोकांत पाट लावतात, बाईचं दुसरं लग्न कुणाला खटकत नाही. पण मला समजेना. "बाबा, तुम्ही तर म्हणता मुलगा जिवंत आहे."

"हाय की."

"मग?"

"माजा ल्योक जिता हाय, ते माजं. मरस्तवर मी आसंच म्हननार. पर त्येच्यापायी तिनं बसून ऱ्हायचं, ते का म्हनून? ती माजी लेकच हाय की." त्यांच्या पांढुरक्या डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी पुसलं नाही. "तुमास्नी इचारायला आलोय."

मी म्हटलं, "मी त्यांच्याशी खोटं बोललोय. मोठं खोटं."

"ठावं हाय. काल तिनंच सांगितलं, बावड्याचं समदंच. दोनीबी."

"कुशाबाईंनाही?"

"व्हय. दोघी रडल्या. मी म्हनलं, बघा, वळून बघितलं का न्हाय?" ते किंचित हसले. "आन् तुमचं इचारलं तर म्हनली, आठ वर्सं समदी माज्याशी खरं बोलत्यात. ज्येला जे खरं वाटतंय ते. माज्यासाठी खोटं बोलनारा ह्यो पयलाच."

"रागानं म्हणाल्या?"

"मला कुठं दिसतंय तिचं त्वांड? तुमीच जाऊन बघा."

त्यांना मळ्यापर्यंत पोचवलं, पण आत गेलो नाही. बांधावरून परतलो. पांगारा फुलला आहे. इतके दिवस त्याच वाटेनं जात होतो, तो कधी फुलला ते कळलं नाही.

रविवार, २५ मार्च

आठवडा विचारात गेला. आज सकाळी गेलो.

मोट चालू होती. गेणबा बैलांमागं, कुशाबाई घरात. सारजा कांद्याच्या वाफ्यांत पाणी धरत होती, लुगडं खोचलेलं, हातात खोरं, पाय घोट्यापर्यंत चिखलात. मला पाहून थांबली नाही.

"मामंजी आलं हुतं न्हवं तुमच्याकडं?"

"हो."

"मी धाडलंय म्हनून न्हाय आलं. त्येंच्या मनानं आलं."

"माहीत आहे."

तिनं एक वाफा भरू दिला. पाणी कांद्याच्या पातीतून हळूहळू चढत होतं, वरचं आभाळ त्यात तुकड्यातुकड्यानं येत होतं.

"एक इचारते," ती म्हणाली. "पाट लागला. चार वर्सं गेली, दोन पोरं झाली. आन् एक दिस त्यो बांधावर येऊन हुबा ऱ्हायला. मग?"

माझ्याजवळ उत्तरं होती. सात वर्षांचा कायदा होता. अंगठा होता, धुकं होतं. 'तो येणार नाही' असं ठणकावून सांगता आलं असतं, आणि कदाचित ते खरंही निघालं असतं. तिनं खोरं टेकवून माझ्याकडं पाहिलं. एवढ्या जवळून, एवढा वेळ तिनं कधी पाहिलं नव्हतं.

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

तिच्या चेहऱ्यावरचं काहीतरी ढिलं झालं. ते हसू होतं असं मी लिहिणार नाही.

"हां," ती म्हणाली. मग खोरं माझ्यापुढं केलं. "चपला काढा. ह्यो वाफा भरला, दारं मोडा, पानी फुडच्या वाफ्यात घ्या, न्हायतर बांध फुटंल."

मी जिरायती गावचा. आमच्याकडं पाणी प्यायला पुरलं तरी पुष्कळ. वळवायचं कधी कुणी शिकवलं नाही. चिखलात उतरलो, चुकीच्या जागी खोरं घातलं, आणि सगळं पाणी भलत्याच वाफ्यात धावलं. मोटेवरून गेणबांना पाण्याचा आवाज बदललेला कळला. ते ओरडले, "सारजेऽ, कोन हाय गं दाऱ्यावर?"

"मास्तर हायती," ती ओरडून म्हणाली. "येत न्हाय त्यास्नी. शिकत्यात!"